घरीच शिकणाऱ्या मुलांसाठी ऑनलाइन साहित्य: जे स्वतः वापरलंय तेच सांगा

फणसपोळी

नमस्कार मंडळी,

गेल्या वर्षी पुणं सोडून आम्ही देवरुखजवळ राहायला आलो. मुलगी नऊ वर्षांची, मुलगा सहाचा. या जूनपासून दोघांना शाळेत न घालता घरीच शिकवायचं ठरवलंय. का ठरवलं यावर इथे वाद नको, तो दोन्हीकडच्या आजी-आजोबांशी घालून झालाय.

घरातली भाषा मराठी. मुलगी तिसरीपर्यंत मराठी माध्यमात शिकली. होमस्कूलिंगबद्दल शोधायला बसलं की सापडतं ते बहुतेक सगळं अमेरिकन कुटुंबांनी अमेरिकन कुटुंबांसाठी लिहिलेलं. डॉलर-सेंट मोजायच्या वर्कशीट, ध्रुवावरचे प्राणी, थँक्सगिव्हिंगचे प्रकल्प. चांगलंही असेल, पण माझ्या पोराला टर्की म्हणजे काय इथपासून सांगावं लागतं.

तर मराठीत काय आहे? फुकट किंवा स्वस्त. पावसाळ्यात इथे नेट दिवसेंदिवस गायब असतं, तेही धरून सांगा. आणि 'छान आहे असं ऐकलंय' नको, वापरलेलंच सांगा.

चटईवाला

पहिल्या रांगेत चटई टाकली आहे.

पाटीपेन्सिल

वाद नको म्हणालात, तेव्हा मत गिळतो. पंचवीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतोय, त्यामुळे गिळायला जड जातंय. असो.

जगभर शोधत हिंडण्याआधी बालभारतीकडे बघा. ई-बालभारतीवर पहिली ते बारावीची पाठ्यपुस्तकं पीडीएफमध्ये फुकट आहेत. शाळाच नको तर शाळेची पुस्तकं कशाला, असं तुमच्यातले काही लोक म्हणतात. अहो, परिसर अभ्यासाचं पुस्तक तर शाळेपेक्षा घरीच जास्त चांगलं वापरता येईल. 'गावातील पाण्याचे स्रोत पाहा' हा उपक्रम मला चाळीस पोरांची रांग करून, रस्ता ओलांडून, मुख्याध्यापकांची परवानगी घेऊन करायचा असतो. तुम्हाला फक्त चपला घालायच्या आहेत. तिसरीच्या परिसर अभ्यासाची जिल्हावार पुस्तकंही निघाली होती, त्यातलं रत्नागिरी जिल्ह्याचं शोधून काढा.

पुस्तकांतल्या क्यूआर कोडवरून दीक्षावर जाता येतं. केंद्राने हे व्यासपीठ २०१७ मध्ये सुरू केलं, महाराष्ट्रातल्या शिक्षकांनी त्यात बरंच साहित्य घातलंय. खरं सांगायचं तर माल संमिश्र आहे. काही व्हिडिओ उत्तम, काहींत आमचेच बंधू कॅमेऱ्यासमोर पाठ्यपुस्तक वाचून दाखवतात. आधी स्वतः बघा, मग मुलांना द्या.

आणि 'किशोर'. बालभारतीचं हे मासिक १९७१ साली सुरू झालं आणि जुने अंक ऑनलाइन फुकट वाचायला ठेवलेत. कथा, कोडी, विज्ञान, चित्रं. मराठीतल्या मोठमोठ्या लेखकांनी मुलांसाठी लिहिलेलं त्यात पडून आहे. एवढा खजिना असताना लोक महिन्याला हजार रुपये भरून ॲप घेतात, याचं मला नवल वाटतं.

निशा_पर्वती

'किशोर'ला जोरदार अनुमोदन. आमच्या वेळी ते आणि टीव्हीवर बालचित्रवाणी, एवढंच ऑनलाइन होतं. :)

फणसपोळी

मास्तर, मत गिळल्याबद्दल विशेष आभार. जिल्हावार पुस्तकाचं माहीतच नव्हतं.

तिठा

माझी मोठी सोळाची, धाकटा बारा वर्षांचा. दोघंही शाळेत गेलेले नाहीत. आम्ही नाशिकला असतो. या विषयावर मला खूप बोलता येतं, तेव्हा सांभाळून घ्या.

फणसपोळी, पहिली गोष्ट म्हणजे साठा करू नकोस. नव्या पालकांचा पहिला उद्योग हाच असतो. होमस्कूलिंगच्या चार व्हॉट्सॲप ग्रुपांत शिरायचं, रोज येणाऱ्या पीडीएफ उतरवायच्या, फोन भरला की हार्ड डिस्क आणायची. आणि मूल अंगणात मुंग्यांची रांग बघत बसलेलं असतं. त्या मुंग्यांपासून सुरुवात कर. साहित्य इयत्तेनुसार शोधू नकोस, मुलाने काय विचारलं त्यावरून शोध.

माझ्या घरात वर्षानुवर्षं टिकलेल्या जागा फार थोड्या आहेत.

स्टोरीवीव्हर. प्रथम बुक्सने २०१५ मध्ये सुरू केलेलं. मराठीतल्या भरपूर चित्रगोष्टी, वाचनाच्या चार पातळ्या, उतरवून घ्यायला आणि छापायला मोकळीक. मुक्त परवान्यामुळे गोष्ट बदलता येते, भाषांतर करता येतं. माझ्या मुलीने आठव्या वर्षी एका गोष्टीतला वाघ काढून तिथे बिबट्या घातला, कारण नाशिकात बिबटेच येतात. एक सावधगिरी: कोणालाही भाषांतर चढवता येतं, त्यामुळे काही गोष्टींचं मराठी अडखळतं. सहा वर्षांच्या मुलापुढे ठेवण्याआधी मोठ्याने वाचून बघ. जीभ अडकली तर ती गोष्ट सोडून दे.

अरविंद गुप्ता यांचं संकेतस्थळ. आयआयटी कानपूरमधून शिकलेला हा माणूस पुण्यात आयुका या खगोलशास्त्र संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत बरीच वर्षं मुलांना टाकाऊतून खेळणी करायला शिकवत होता. २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली. खेळण्यांचे छोटे व्हिडिओ मराठीतही आहेत, आणि पुस्तकांचं तर भांडारच आहे, मराठी विभाग वेगळा. सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे आणि आगपेटीच्या काड्या घेऊन त्रिकोण, चौकोन, घनाकृती करायचा प्रकार तुझ्या दोघांना एकदमच करता येईल. चौकोन दाबला की लवंडतो, त्रिकोण लवंडत नाही. हे हाताने कळलं की पुढे पत्र्याच्या शेडच्या कैच्या त्रिकोणी का असतात ते वेगळं शिकवावं लागत नाही. देवरुखच्या सायकलवाल्याकडे व्हॉल्व्ह ट्यूब मिळेल.

विज्ञान-गणितासाठी फेट हे संकेतस्थळ. अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठाचं आहे, पण त्यातली बरीच प्रात्यक्षिकं मराठीत भाषांतरित झालीत. बॅटरी-बल्ब-वायर जोडायचं, अपूर्णांकांचं, तराजूचं. सहा वर्षांच्याला तराजू पुरेल. मात्र खरी बॅटरी आणि खरा बल्ब आधी. पडद्यावरचा बल्ब फुटत नाही, चटका देत नाही, त्यामुळे तो नंतर.

तुम्हा दोघांसाठी 'पालकनीती' आणि 'शैक्षणिक संदर्भ'चे जुने अंक. दोन्ही पुण्याहून निघतात, दोन्हींचे बरेच अंक ऑनलाइन आहेत. मुलांना काय शिकवू, यापेक्षा आपण कुठे लुडबूड करतोय ते 'पालकनीती' वाचताना कळतं.

एवढंच. बाकी सगळं आलं आणि गेलं.

चटईवाला

मराठी विश्वकोश राहिला की! वीस खंड, सगळे ऑनलाइन, फुकट.

तिठा

चटईवाले, विश्वकोश वापरतो आम्ही, पण नऊ वर्षांच्या मुलीला थेट देऊन बघा. पहिल्या वाक्यातच 'संस्कृत घ्यायला हवं होतं' म्हणेल. मोठ्यांनी वाचावा, मग जेवताना सांगावा. मोठी मात्र आता स्वतः वाचते.

बेरीजवजा

वरचं सगळं मान्य. पण आज ना उद्या गणित येणारच, आणि गणितात मराठीतलं साहित्य चौथी-पाचवीपुढे विरळ होत जातं. आम्ही खान अकॅडमीवर आलो. फुकट आहे, जाहिराती नाहीत, आम्ही इंग्रजीतून वापरतो. संज्ञांचा घोळ होतो. 'फ्रॅक्शन' म्हणजे अपूर्णांक, 'न्यूमरेटर' म्हणजे अंश. आम्ही भिंतीवर दोन रकान्यांचा तक्ता लावलाय, नवीन शब्द आला की पोरगं स्वतः भर घालतं. मोठ्या मुलांसाठी केंब्रिजच्या एनरिच प्रकल्पातली कोडी अप्रतिम. एकेक कोडं आठवडाभर पुरतं. नवऱ्यालाही पुरतं.

खटपट्या

नेटचा मुद्दा कोणीच घेतला नाही म्हणून लिहितो. आयटीत आहे, सध्या मुक्काम पोस्ट आजरा, त्यामुळे पावसातलं नेट म्हणजे काय ते माहीत आहे.

किविक्स नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे. पूर्ण विकिपीडिया एका फाइलमध्ये उतरवून ठेवता येतो, मग नेट लागत नाही. मराठी विकिपीडियाची फाइल इंग्रजीच्या मानाने किरकोळ आहे, साध्या पेनड्राइव्हवर मावते. तिथेच मुलांसाठीची इतर पुस्तकं आणि संग्रह आहेत.

दुसरं कोलिब्री. ज्या शाळांत नेट पोचत नाही त्यांच्यासाठीच बनवलेलं. एका जुन्या लॅपटॉपवर बसवायचं, खान अकॅडमीचे आणि फेटचे हवे तेवढे धडे एकदा उतरवायचे, मग घरातल्या वायफायवरून टॅब, फोन, काहीही त्याला जोडता येतं. बाहेरच्या नेटचा संबंध नाही. याचा जास्तीचा फायदा असा की पोरांना त्या लॅपटॉपवरून यूट्यूबवर जाताच येत नाही.

मे महिन्यात तालुक्याच्या गावी जाऊन, चांगलं नेट असलेल्या मित्राकडे बसून सगळं भरून घ्या. मित्राला फणस न्या.

आणि डीडी फ्री डिश असेल तर पीएम ई-विद्याच्या शैक्षणिक वाहिन्या दिसतात, इयत्तावार. छत्रीवर पाऊस फार कोसळला की त्याही जातात म्हणा.

फणसपोळी

खटपट्या, हे सोनं आहे! जुना लॅपटॉप माळ्यावर आहे. तो उघडला तर इथेच येऊन तुमचं डोकं खाईन.

खटपट्या

खा. आधी रॅम किती आहे ते बघून ठेवा.

मनमोकळी

मला एक कळत नाही. मुलांना शाळेच्या चार भिंतींतून सोडवायचं आणि पडद्यासमोर बसवायचं? मग शाळेने काय घोडं मारलं होतं? तिथे निदान डबा वाटून खातात.

पाटीपेन्सिल

मनमोकळीताई, मी गिळलेलं तुम्ही बोललात.

तिठा

प्रश्न बरोबर आहे, पण 'ऑनलाइन' म्हणजे मूल पडद्यासमोर, असं का धरायचं? आमच्याकडे निम्म्याहून जास्त साहित्य मोठ्यांनी बघायचं असतं. मी रात्री अरविंद गुप्तांचा दोन मिनिटांचा व्हिडिओ बघते, सकाळी स्ट्रॉ आणि कात्री काढते. मुलांना पडदा दिसतच नाही.

आणि काही साधनं बाहेर घेऊन जाणारीही आहेत. कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षी प्रयोगशाळेचं मर्लिन हे ॲप. फोन हातात धरून आमराईत उभं राहायचं, पक्षी ओरडला की नाव येतं. भारतातले पक्षी आहेत, पक्ष्यांची माहिती आधी उतरवून ठेवली तर नेटही लागत नाही. चुकतंही अधूनमधून. धाकट्याचा छंद आता तेवढाच: ॲप म्हणालं ते खरं का, हे डोळ्यांनी पाहून ठरवणं. त्याला दुर्बीण घेऊन दिली, फोन आपोआप मागे पडला.

सीझनवॉच बघा. एक झाड निवडायचं, दर आठवड्याला बघायचं, पालवी-फूल-फळ किती ते नोंदवायचं. देशभरातल्या मुलांच्या नोंदींतून झाडांच्या ऋतुचक्राचा अभ्यास होतो. कोकणात आंबा, फणस, बहावा, काय हवं ते दारात आहे. मोहोर लवकर आला की उशिरा, यावर गावातल्या म्हाताऱ्यांशी वाद घालण्याइतकी माहिती तुझ्या मुलीकडे दोन वर्षांत जमेल.

डब्याचं म्हणशील तर त्याला ॲप नाही, ते मान्य. आमची मुलं संध्याकाळी कॉलनीत खेळतात, मोठी गाण्याच्या क्लासला जाते, गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा देते. त्या परीक्षेला कोणती शाळा असं कोणी विचारत नाही.

अपर्णा_डॅलस

थँक्सगिव्हिंगच्या वर्कशीटचा आरोप अंगावर घेते. :)

इथे पन्नासही राज्यांत होमस्कूलिंग कायदेशीर आहे, पण नियम राज्याराज्यात वेगळे. टेक्ससमध्ये आम्हाला कोणाला कळवावंही लागत नाही. न्यूयॉर्कमधली मैत्रीण दर वर्षी अभ्यासाची योजना आणि दर तिमाहीला अहवाल देते. त्यामुळे इथलं पुष्कळ साहित्य हे शिकवण्यासाठी नसून कागद भरण्यासाठी असतं. हजेरीचे तक्ते, अभ्यासक्रमाच्या चौकटी, रंगीत नियोजन वह्या. तुला त्याची काही गरज नाही, ते सगळं बाजूला केलंस की शोध निम्म्याने सोपा होईल.

आमची अडचण उलटी. इंग्रजीत डोंगरभर आहे, मराठीसाठी शोधाशोध. रविवारची मराठी शाळा आहे, बृहन्महाराष्ट्र मंडळाचा अभ्यासक्रम आहे, पण घरच्या वाचनाला बालभारतीच्या जुन्या पुस्तकांच्या पीडीएफ आणि ई-साहित्य प्रतिष्ठानची फुकट ई-पुस्तकं. 'किशोर' आजच कळलं, वाचनखूण साठवली.

श्टुटगार्टकर

आमच्याकडे प्रश्नच मिटला. जर्मनीत शाळेत जाणं सक्तीचं, घरी शिकवलं तर दंड. त्यामुळे आम्ही शनिवार-रविवारचे होमस्कूलर. स्टोरीवीव्हरला +१. लेकीला तिसऱ्या पातळीवरच्या गोष्टी जमतात, चौथीवर रडारड.

मनमोकळी

अवांतर: भारतात हे कायदेशीर आहे का मुळात? शिक्षणहक्क कायद्याने सहा ते चौदा वयाच्या मुलांना शाळा सक्तीची आहे ना?

कलमदान

व्यवसायाने वकील. हा सल्ला फुकट आहे, तेव्हा तितक्याच किमतीचा समजा.

२००९ च्या कायद्यात सहा ते चौदा वयाच्या मुलांना मोफत शिक्षणाचा हक्क आहे आणि शाळा उपलब्ध करून देण्याची सक्ती सरकारवर आहे. कलम १० म्हणतं की मुलाला शाळेत दाखल करणं हे पालकांचं कर्तव्य. पण ते न केल्यास पालकांना शिक्षा सांगितलेली नाही. दिल्ली उच्च न्यायालयात एका घरी शिकणाऱ्या मुलीच्या वतीने हा प्रश्न गेला, तेव्हा २०१२ मध्ये केंद्राने शपथपत्रात म्हटलं की स्वखुशीने होमस्कूलिंग करणाऱ्या पालकांना ते चालू ठेवता येईल, हा कायदा त्याला बेकायदा ठरवत नाही. पुढे ते शपथपत्र मागे घेतलं गेलं. तेव्हा स्थिती अशी की मनाई नाही आणि कायद्यात स्पष्ट मान्यताही नाही. मोठ्या संख्येने कुटुंबं हे करताहेत, त्यांच्यावर खटले भरले जात नाहीत.

यातलं तुमच्या कामाचं कलम वेगळंच आहे. कलम ४. शाळेत न गेलेल्या मुलाला वयानुरूप वर्गात प्रवेश मिळण्याची तरतूद त्यात आहे. उद्या विचार बदलला तर तुमचा मुलगा दहाव्या वर्षी थेट पहिलीत बसणार नाही.

पाटीपेन्सिल

कलमदान यांनी सांगितलं ते आम्ही दरवर्षी करतो. ऊसतोड कामगारांची मुलं येतात, वीटभट्टीवरची येतात, वय बघून वर्गात घेतो आणि मागचं भरून काढायला वेगळा वेळ देतो. तुमच्या मुलांनाही घेऊ. तुम्ही देवरुखात असला तरी माझ्यासारखा कोणीतरी तिथे असेलच. म्हणून सांगतो, जवळच्या शाळेशी वाकडं घेऊ नका. ग्रंथालय आहे, गॅदरिंग आहे, खो-खो आहे. आमच्या गावात एक घरी शिकणारा मुलगा आहे, दर शनिवारी शाळेत येऊन बाकीच्यांना बुद्धिबळ शिकवतो. हजेरीपटावर नाही, पण मधल्या सुट्टीत सगळ्यात जास्त हाका त्यालाच.

मनमोकळी

मास्तर, हे आधी सांगितलं असतंत तर मी एवढी भांडले नसते.

बेरीजवजा

सेल्सवाल्यांबद्दल कोणीतरी लिहायला हवं म्हणून लिहिते. 'होमस्कूलिंग' हा शब्द एकदा कुठल्या फॉर्मवर टाकला की फोन सुरू होतात. आमच्याकडे एका शिकवणी ॲपचा प्रतिनिधी घरी आला होता. टॅब, तीन वर्षांचे व्हिडिओ आणि 'मेंटॉर' मिळून पाऊण लाख, हप्त्याने. मुलाची चाचणी घेतो म्हणाला, घेतली, आणि मुलगा गणितात दोन वर्षं मागे आहे असं गंभीर चेहऱ्याने सांगितलं. चाचणी इंग्रजीत होती. पोराला 'हाऊ मेनी आर लेफ्ट' मधला लेफ्ट डावा वाटला होता. चहा पाजून पाठवून दिलं.

हप्त्याच्या कागदावर सही करण्याआधी तो कर्जाचा करार तर नाही ना, हे नीट वाचा. बऱ्याचदा तो असतोच. क्लास बंद केला तरी हप्ता चालू राहतो.

चटईवाला

लेफ्ट = डावा. पोरगं बरोबर आहे, चाचणी चूक आहे.

उनाड

हा धागा आईने पाठवला. मी एकवीस वर्षांचा आहे, शाळेत कधी गेलो नाही, सध्या पुण्यात बीएस्सी करतोय. वर सगळे आईबाप बोलताहेत, म्हटलं एक 'नमुना' पण बोलू दे.

मला लहानपणच्या संकेतस्थळांतलं फारसं आठवत नाही. आठवतं ते हे की बाबा प्रत्येक प्रश्नाला 'चल शोधू' म्हणायचे आणि मग खरंच बसून शोधायचे. कधी सापडायचं नाही, तेव्हा कोणाला तरी पत्र नाहीतर मेल लिहायचो. होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राला एकदा लिंबाच्या बॅटरीबद्दल लिहिलं होतं, उत्तर आलं. तेव्हा मोठ्या माणसांना विचारता येतं हे कळलं.

पण कागदपत्रांचं आधीपासून बघून ठेवा, कारण ते बारा-तेराव्या वर्षी एकदम अंगावर येतं. मी एनआयओएसमधून दहावी-बारावी केली. १९८९ मध्ये सुरू झालेलं केंद्राचं मुक्त विद्यालय. दहावीला वय चौदा पूर्ण लागतं. आधीच्या शाळेचा दाखला नसेल तर 'दहावी करण्याइतका अभ्यास झालाय' असं स्वतःच लिहून देता येतं. किमान पाच विषय, त्यात एक तरी भाषा. पाच वर्षांत नऊ वेळा बसता येतं, म्हणजे सगळे विषय एका झटक्यात द्यायची सक्ती नाही. मी पहिल्या वेळी दोनच दिले. विषयही वेगळे मिळतात: चित्रकला, गृहविज्ञान, मानसशास्त्र, हिंदुस्थानी संगीत. मराठी माध्यमातूनही दहावी देता येते. पुस्तकं त्यांच्याच संकेतस्थळावर फुकट आहेत, मुक्त विद्यावाणी नावाचा वेब रेडिओही आहे. लहान मुलांसाठी तिसरी, पाचवी, आठवीच्या तोडीचे अ, ब, क स्तर आहेत, पण ते मला कधी लागले नाहीत.

राज्याचंही मुक्त विद्यालय मंडळ आहे, आणि नेहमीच्या मंडळाचा सतरा नंबरचा, म्हणजे शाळेत न जाता बाहेरून परीक्षेला बसायचा फॉर्म आहे. सतरा नंबरला आधीच्या शाळेचा दाखला मागतात. फणसपोळीकाकू, तुमच्या मुलीचा तिसरीचा दाखला आहे ना, तो जपून ठेवा. तो मार्ग चालेल का, ते मंडळाच्या कोकण विभागीय कार्यालयात विचारा, ते रत्नागिरीतच आहे.

आणि एक गोष्ट. प्रत्येक नातेवाईक त्या एमआयटीवाल्या मुलीचं उदाहरण देतो. मुंबईची, दहावी-बारावीचे कागद नसताना २०१६ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीत गेली. ती संगणकाच्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाडमध्ये दोन रौप्य, एक कांस्य मिळवून गेली. ती हुशार होतीच, पण बारावी नसल्यामुळे आयआयटीचं दार तिच्यासाठी बंद होतं, हे कोणी सांगत नाही. तुमच्या मुलांवर ते उदाहरण लादू नका. आईने माझ्यावर लादलं नाही म्हणून बरं झालं.

बेरीजवजा

उनाड, मुक्त विद्यालयाची बारावी पुढे चालते का सगळीकडे? सासरेबुवा रोज विचारतात.

उनाड

मला प्रवेशाला काही अडचण आली नाही. जेईईला चालते, पाच विषय हवेत. नीटचं प्रकरण कोर्टात गेलं होतं. २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने मुक्त विद्यालयवाल्यांना बाहेर ठेवणारी अट रद्द केली. बाकी कॉलेजच्या खिडकीवरचा कारकून 'हे कुठलं बोर्ड?' असं विचारतोच. शांतपणे छापील परिपत्रक पुढे करायचं. फाइलमध्ये दोन प्रती ठेवा, एक तो परत देत नाही.

तिठा

उनाड, मस्त लिहिलंस. माझ्या मोठीने यंदा तिथूनच दहावी दिली. एक भर घालते: अभ्यासकेंद्र निवडताना घराजवळचं बघण्यापेक्षा तिथे फोन उचलतात का ते बघ. गृहपाठासारखे टीएमए असतात, त्यांना वीस टक्के गुण. ते वेळेत गेले नाहीत तर फुकट गुण जातात. प्रात्यक्षिकाच्या तारखाही केंद्राकडूनच कळतात. विज्ञान, गृहविज्ञान, चित्रकला घेतली तर प्रात्यक्षिक आलंच.

फणसपोळी

मंडळी, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. माळ्यावरचा लॅपटॉप चालू झालाय, रॅम चार आहे, खटपट्या तयार राहा. 'किशोर'चा एक जुना अंक काल उतरवला, मुलीने जेवणाच्या वेळेपर्यंत दिला नाही. दोन्हीकडच्या आजी-आजोबांचा विरोध तिथेच निम्मा गळाला, कारण त्यांनाही वाचायचा होता.

तिठाताई, साठा करत नाही. स्टोरीवीव्हर, अरविंद गुप्ता आणि एक झाड. झाड बहाव्याचं निवडलंय. गणिताचं दिवाळीनंतर बघू.

आणि मास्तर, इथल्या शाळेत जाऊन आले. बाई म्हणाल्या, खो-खोला एक मुलगी कमीच पडतेय.

शेवटचा प्रश्न: एवढ्या पीडीएफ छापायच्या कशा? प्रिंटर घ्यावा का?

बेरीजवजा

शाईच्या टाकीवाला घे, कार्ट्रिजवाला नको. पण दमट हवेत कागद चिकटतो, डब्यात बंद करून ठेव.

खटपट्या

इतक्यात घेऊ नका. रॅम चार असेल तर कोलिब्री चालेल, निम्मं वाचन तिथेच होईल. उरलेलं झेरॉक्सवाल्याकडे. पुस्तिका म्हणून, दोन्ही बाजूंनी, ए फोर मधून दुमडून छापायला सांगा. स्टोरीवीव्हरची चित्रं काळ्या-पांढऱ्यातच काढा, रंग पोरं भरतील. आणि झेरॉक्सवाल्याला बाजाराच्या दिवशी गाठू नका, सात-बारा काढणाऱ्यांची रांग असते.